खेळाच्या दाराने

एम. ए.च्या वर्गाला साहित्यशास्त्र शिकवताना दरवर्षी एक टप्पा येतो. कलेच्या स्वरूपाविषयीच्या उपपत्ती एकेक करून सांगून होत असतात. अनुकृती झाली, आविष्कार झाला, आणि मग आपण क्रीडा-उपपत्तीपाशी येतो. फळ्यावर शिलरचे नाव लिहायचे. खाली साम्ये लिहायची : खेळ आणि कला हे दोन्ही व्यवहार रोजच्या गरजांतून सुटलेले असतात, दोहोंना स्वतःचे नियम असतात, दोहोंत आनंद हेच प्रयोजन असते. मग भेद : खेळात हारजीत असते, कलेत ती नसते. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, मी गुण देते. असे वीस वर्षे चालले आहे. या भेदाची किंमत एखाद्याने स्वतःच्या शरीराने मोजलेली असू शकते, हे मला फार उशिरा उमगले. ज्याच्यामुळे ते उमगले तो मराठी वाचकाच्या फारशा परिचयाचा नाही. जॉन करी हे त्याचे नाव. 1976 सालचा ऑलिम्पिक विजेता फिगर स्केटर.

आपल्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसातला किंवा गोळ्यावरचा. त्यावर कोणी नाचते ही गोष्ट मला लहानपणी दूरदर्शनवर ऑलिम्पिकची क्षणचित्रे पाहताना कळली आणि तितक्याच वेगाने विसरलीही गेली. टाळेबंदीच्या दिवसांत जेम्स अर्स्किन यांचा ‘द आइस किंग’ हा 2018 सालचा माहितीपट पाहण्यात आला. त्यात करीच्या जुन्या चित्रफिती आहेत, त्याची पत्रे आहेत. रात्री उशिरा तो संपला तेव्हा मी उठून दिवा लावला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. पडद्यावर जे पाहिले त्याच्या सौंदर्याचा परिणाम होताच. पण त्याहून अधिक, पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः दिलेला एक सल्ला आठवला होता. त्याविषयी पुढे लिहिते. आधी करीविषयी.

9 सप्टेंबर 1949 रोजी बर्मिंगहॅममध्ये त्याचा जन्म झाला. तीन भावांतला तो सर्वांत धाकटा. वडील कारखानदार होते. यंत्रांचे सुटे भाग, ऑर्डरी, हिशेब या जगातले. मुलाने लहान वयात बॅले शिकायची इच्छा बोलून दाखवली, वडिलांनी ती साफ नाकारली. मुलग्याने नाचायचे नसते. मग मुलाने स्केटिंग शिकू का, म्हणून विचारले. त्याला परवानगी मिळाली, कारण स्केटिंग हा खेळ. सातव्या वर्षी तो बर्मिंगहॅमच्या रिंकवर उतरला.

वरवर पाहता ही एक साधी कौटुंबिक तडजोड आहे. कोणी कोणाला मारले नाही, घराबाहेर काढले नाही. एक दार बंद केले, शेजारचे उघडे ठेवले. पण त्या दोन दारांवर लिहिलेले शब्द पाहा. एका दारावर ‘नृत्य’, दुसऱ्यावर ‘खेळ’. शरीर तेच, संगीत तेच, हात तसेच उचलायचे, पाठ तशीच ताठ ठेवायची. फक्त शेवटी पंच बसलेले असले आणि त्यांनी आकडे दाखवले की बापाला हायसे वाटते. आकड्यांमुळे पुरुषाचे अंगविक्षेप सभ्य होतात.

आता तो सल्ला. नोकरीची पहिली पाच-सहा वर्षे मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात होते. प्रथम वर्ष कलाशाखेत एक मुलगा होता. स्नेहसंमेलनात तो नाचला तेव्हा सभागृहातल्या शिट्ट्या हळूहळू थांबल्या, इतके त्याच्या अंगात काही होते. त्याला कथक शिकायचे होते. जिल्ह्याच्या गावी वर्ग होता, आठवड्यातून दोनदा एस. टी.ने जाता आले असते. वडील महाविद्यालयात भेटायला आले. भले गृहस्थ. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “मॅडम, पोरगं शिकतंय याचा आनंद आहे. पण उद्या गावात नाच्याचा बाप म्हणून मला हाक मारतील. ते जमायचं नाही.”

‘नाच्या’ हा शब्द ज्या परंपरेतून आला तिच्याविषयी मी वर्गात आदराने बोलत असे. गण, गवळण, बतावणी, वग. तमाशातील नाच्याचे स्थान. यावर माझी टिपणे तयार होती. त्या दिवशी त्यातले एकही वाक्य मला सुचले नाही. मी तडजोड सुचवली. महाविद्यालयाचा मल्लखांबाचा संघ होता, शिकवणारे सर चांगले होते. मी म्हणाले, “मग त्याला मल्लखांब करू दे. खेळच आहे तो. शरीरही कमावलं जाईल.” वडिलांचा चेहरा खुलला. मुलगा काही बोलला नाही. तो मल्लखांबात विद्यापीठ पातळीपर्यंत गेला, आणि आपण एक प्रश्न शहाणपणाने सोडवला असे मला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिले.

आपल्या भाषेत ‘खेळ’ हा शब्द किती ऐसपैस आहे, हे त्या वेळी तरी माझ्या लक्षात यायला हवे होते. तमाशाचा खेळ होतो, सर्कशीचा खेळ होतो, डोंबाऱ्याचा खेळ होतो. वृत्तांची नावे शिकवताना ‘शार्दूलविक्रीडित’ हे नाव आपण सहज उच्चारतो. त्याचा अर्थ वाघाचे खेळणे. एकोणीस अक्षरांची चौकट, बाराव्या अक्षरावर यती, आणि त्या चौकटीत वाघ खेळतो. खेळ आणि कला यांच्यात कुंपण घालण्याचे काम भाषेने केलेले नाही. ते आपण केले; माझ्यासारख्यांनी फळ्यावर, आणि त्या दोन वडिलांनी घरात.

फिगर स्केटिंगच्या नावातही अशीच एक जुनी गोष्ट दडलेली आहे. ‘फिगर’ म्हणजे आकृती. बर्फावर पात्याच्या कडेने वर्तुळे, आठाचे आकडे, वळसे काढायचे; पुन्हा त्याच रेषेवरून जायचे; मग पंच बर्फावर उतरून, वाकून त्या रेषा तपासणार. करीच्या काळात या अनिवार्य आकृत्यांना एकूण गुणांपैकी 30 टक्के वाटा होता, ठरावीक घटकांच्या छोट्या सादरीकरणाला 20 टक्के आणि मुक्त सादरीकरणाला 50 टक्के. संगीत नाही, प्रेक्षक जवळजवळ नाहीत, थंडगार सकाळी एकटा माणूस एका पायावर वर्तुळ काढतो आहे, असा तो प्रकार. 1990 नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृत्या गेल्या, नाव मात्र उरले. आपल्याकडे कवितेतून वृत्ते बाजूला झाली तरी ‘छंद’ हा शब्द उरला, तसेच काहीसे.

या आकृत्यांमागचे तंत्र थोडे समजून घेतले पाहिजे, कारण करीची सारी कला त्यातून उगवली आहे. स्केटचे पाते सपाट नसते. त्याच्या तळाला मधोमध खोलगट पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना दोन धारदार कडा. शरीर आत झुकले की आतली कड बर्फात रुतते, बाहेर झुकले की बाहेरची. आणि कड रुतली की सरळ जाता येत नाही, वक्र रेषाच निघते. म्हणजे स्केटर जे काही करतो ते वक्रतेत करतो. उडी मारून तो उतरतो तेही एका पायावर, पाठमोरा, बाहेरच्या कडेवर. पाय बर्फाला लागला म्हणून उडी संपत नाही. ती वक्र रेषेत वाहत राहते. बहुतेक स्पर्धकांसाठी ही कड म्हणजे पुढच्या उडीकडे नेणारा रस्ता. करीने त्या रस्त्यालाच आशय मानले.

बॅलेतील नर्तक एका पायावर उभा राहून दुसरा पाय मागे लांब उचलतो तेव्हा त्याला ती आकृती जागेवरच सांभाळावी लागते. स्केटर तीच आकृती घेऊन अख्ख्या रिंकवरून वाहत जाऊ शकतो. शरीर स्थिर आणि तरीही गतिमान. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. ती मी वर्षानुवर्षे कवितेची उदाहरणे देऊन शिकवली. पण विरोध आणि समतोल एकाच क्षणी एकाच देहात डोळ्यांना दिसतात ते करीच्या त्या वाहत्या स्थिरतेत. आता एक अडचणीचा विचार मनात येतो. वडिलांनी बॅलेला परवानगी दिली असती तर कदाचित आणखी एक चांगला बॅले नर्तक झाला असता. बर्फावर ही शक्यता कोणी शोधली असती का? नकारातून काहीतरी निर्माण झाले हे खरे. पण ज्याला नकार दिला त्याने हे म्हणावे. देणाऱ्याने, किंवा देणाऱ्याला सोयीचा मार्ग सुचवणाऱ्याने, ते म्हणू नये.

जॉन पंधरा-सोळा वर्षांचा असताना वडील वारले. तो लंडनला गेला. पोटासाठी नोकरी करायची, उरलेल्या वेळात सराव करायचा, आणि आता अडवणारे कोणी नसल्यामुळे नृत्याच्या वर्गालाही जायचे. 1971 साली तो ब्रिटनचा विजेता झाला, पण 1972 च्या सापोरो ऑलिम्पिकमध्ये अकरावा आला. त्याचे हात, त्याची पाठ, संगीताकडे पाहण्याची त्याची रीत अनेकांना खटकत असे. पुरुषाने असे स्केटिंग करू नये, असे त्या क्षेत्रातल्या जाणत्यांचे मत होते. बापाने ज्या दारातून जाऊ दिले त्या दाराच्या आतही तोच बाप बसलेला होता, फक्त पंचाच्या खुर्चीत.

पैशाची चणचण होतीच. एड मॉस्लर या अमेरिकन उद्योजकाने मदतीचा हात दिला आणि करी अमेरिकेत गेला. तेथे त्याने दोन गुरू केले. गस लुस्सी यांनी त्याच्या उड्या पुन्हा पायापासून बांधून घेतल्या. कार्लो फासी यांनी आकृत्या आणि स्पर्धेची शिस्त पक्की केली. गंमत अशी की, या माणसाची उंची कलावंताची होती पण तिला मान्यता मिळवून देण्यासाठी त्याला आधी निर्दोष खेळाडू व्हावे लागले. त्याच्या शैलीविषयी कोणाला काही म्हणायचे असो, उडीत खोट काढता येऊ नये, इतके तंत्र त्याने कमावले.

1976 च्या सुरुवातीच्या अवघ्या तीन महिन्यांत त्याने युरोपीय, ऑलिम्पिक आणि जागतिक ही तिन्ही विजेतेपदे मिळवली. इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा ध्वज त्याच्याच हाती होता आणि ब्रिटनला त्या स्पर्धेत मिळालेले एकमेव पदकही त्याचेच. सोव्हिएत संघाचा व्लादिमिर कोवाल्योव दुसरा आला, कॅनडाचा टोलर क्रॅन्स्टन तिसरा. क्रॅन्स्टन हाही बंडखोर. पण त्याचे बंड आवेशाचे, रंगांचे. करीचे बंड संयमाचे होते. मिंकुसच्या ‘डॉन किहोते’ या बॅलेच्या संगीतावरचे ते पाच मिनिटांचे मुक्त सादरीकरण आज सहज पाहता येते. मी ते अनेकदा पाहिले. पहिल्यांदा पाहताना उड्या मोजल्या. नंतर लक्षात आले की, दोन उड्यांच्या मधल्या जागा भरलेल्या आहेत. कोठेही तो नुसता वेग घेण्यासाठी धावत नाही. चांगल्या लघुकथेत जसे घटनांच्या मधले गद्य जिवंत असते तसे. आणि निवड किती बोलकी : ज्या बॅलेचे दार बंद केले गेले त्याच दुनियेचे संगीत घेऊन हा माणूस खेळाच्या सर्वोच्च व्यासपीठावर उभा राहिला, आणि पंचांनी त्याला आकडे दिले.

विजयापाठोपाठ वृत्तसंस्थेने एक बातमी जगभर पाठवली. एका पत्रकाराशी झालेल्या बोलण्यात करीने आपल्या समलैंगिकतेविषयी काही सांगितले होते. ते खाजगी बोलणे आहे अशी त्याची समजूत होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांमधील खाजगी समलैंगिक संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का 1967 साली पुसला गेला होता, म्हणजे उणीपुरी नऊ वर्षे झाली होती. आणि खेळाच्या जगात कोणी हा शब्द उच्चारतही नसे. दुसऱ्या दिवशी पदकाविषयी बोलायला बसलेल्या करीला पौरुषाविषयीच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले. त्याने ते नाकारले नाही. एवढेच. 1976 सालच्या ऑलिम्पिक विजेत्याने ते नाकारले नाही, याचे वजन आज पुरते कळणार नाही. त्याच वर्षाअखेरीस बीबीसीने प्रेक्षकांच्या मतांतून निवडलेला वर्षाचा सर्वोत्तम क्रीडापटू तोच ठरला, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. सामान्य माणसे कधीकधी वर्तमानपत्रांपेक्षा मोकळी असतात. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या गावातली माणसेही तशी निघाली असती का? आम्ही त्यांना संधीच दिली नाही.

जिंकल्यावर करीने स्पर्धा सोडल्या. पैसा हवा असता तर बर्फावरच्या झगमगीत जलशांची दारे उघडी होती. त्याला ते नको होते. त्याने रंगभूमी मागितली. 1976 च्या अखेरीस लंडनच्या केम्ब्रिज थिएटरमध्ये ‘थिएटर ऑफ स्केटिंग’ हा त्याचा प्रयोग सुरू झाला. ट्वायला थार्प, केनेथ मॅकमिलन, पीटर मार्टिन्स या नृत्याच्या क्षेत्रातल्या मोठ्या माणसांनी त्याच्यासाठी रचना केल्या. नॉर्मन मेन यांनी देब्युसीच्या ‘फॉन’वर त्याच्यासाठी रचना बांधली. पुढे त्याने स्वतःचा संच उभारला. त्यात रोजचा वर्ग असे, नर्तक जसे बारला धरून पाय घोटवतात तसे त्याचे स्केटर कडा घोटवत. 1984 साली हा संच लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये उभा राहिला. ज्याला बॅले नाकारला होता तो बॅलेच्या घरात बर्फ घेऊन शिरला.

ही कहाणी येथे संपली असती तर प्रेरणादायी पुस्तकात शोभली असती. पण बर्फाचा संच चालवणे फार महाग. पैसे सतत अपुरे पडत, आणि करीचा स्वभावही सोपा नव्हता. त्याला नैराश्याचे झटके येत. ज्यांच्यावर त्याने प्रेम केले त्यांना तो दुखवी, सहकाऱ्यांशी कठोर वागे. संच मोडला. 1987 साली त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे निदान झाले. 1991 पर्यंत एड्सची लक्षणे दिसू लागली आणि तो इंग्लंडला आईकडे परतला. पुढच्या वर्षी त्याने आपल्या आजाराविषयी जाहीरपणे सांगितले. जी गोष्ट एकदा दुसऱ्यांनी त्याच्या संमतीवाचून सांगितली होती, तसे पुन्हा होऊ नये याची काळजी त्याने स्वतः घेतली. 15 एप्रिल 1994 रोजी, शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डजवळच्या आपल्या घरी, वयाच्या 44 व्या वर्षी तो वारला.

मागे काय उरले? बर्फावरची रेषा दुसऱ्या दिवशी पुसली जाते. त्याच्या अनेक रचनांची धड चित्रफीतही नाही. पण परंपरा अशी सहजासहजी पुसली जात नाही. त्याच्या संचात लोरी निकोल नावाची एक कॅनेडियन स्केटर होती. पुढे ती या क्षेत्रातील अग्रगण्य नृत्यरचनाकार झाली. मिशेल क्वानच्या गाजलेल्या अनेक रचना तिच्या. आणि 2017-18 च्या हंगामात कॅरोलिना कॉस्टनर देब्युसीच्या ‘फॉन’वर बर्फावर उतरली ती रचनाही तिचीच. आता फिगर स्केटिंगमध्ये प्रत्येक वळणाचे, प्रत्येक गिरकीचे गुण मोजले जातात. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत 2004 साली जाऊन तपशीलवार मोजमाप आले. पुरुष स्केटरने हात कसे उचलावेत, असा प्रश्न मात्र आज निदान उघडपणे कोणी विचारत नाही. विचारला तर हास्यास्पद ठरेल. हे करीचे देणे.

गेल्या वर्षी माझा तो विद्यार्थी बसस्थानकावर भेटला. आता एका पतसंस्थेत नोकरी करतो, केस विरळ झालेत. त्यानेच ओळख दिली, चहा पाजला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी विचारले, “मल्लखांब करतोस का रे अजून?” तो हसला. म्हणाला, “नाही मॅडम. चांगला होता तो, वाईट नव्हता. पण पंचांनी गुण सांगितले की तिथंच संपायचं सगळं. घरी काहीच यायचं नाही.” माझ्यावर त्याचा राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. मी त्याला म्हणाले की, त्या दिवशी तुझ्या वडिलांशी मी आणखी थोडे भांडायला हवे होते. तो म्हणाला, “तुम्ही तरी काय करणार?” हे वाक्य सांत्वनाचे होते, पण मला ते तसे ऐकू आले नाही, कारण मी काय करू शकले असते हे मला नीट माहीत होते. ज्या परंपरेवर माझी टिपणे तयार होती तिच्या बाजूने एक वाक्य तरी बोलता आले असते. वडील कदाचित ऐकले नसते. पण शेजारी उभ्या असलेल्या मुलाने ते ऐकले असते.

घरी आल्यावर मी त्याला इन्सब्रुकच्या त्या पाच मिनिटांचा दुवा पाठवला. सोबत करीविषयी दोन ओळी लिहिल्या, वडिलांचा आणि बॅलेचा उल्लेख मुद्दाम टाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आला : “मॅडम, उडीकडं नका बघू. उतरल्यावर हात कसा सावकाश खाली येतो ते बघा.”

मी पुन्हा चित्रफीत लावली. इतक्या वेळा पाहूनही तो हात माझ्याकडून सुटला होता.